स्कायरिममध्ये लोहारकाम, अल्केमी, एन्चांटिंग आणि जादू कशी वाढवायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी रविवारी दुपारी जेवणं झाली की वरच्या खोलीत पोरं जमतात. माझे दोन भाचे, त्यांचे कॉलेजातले मित्र, शेजारच्या वाड्यातली एक मुलगी. एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीने स्कायरिम हा गेम चालतो आणि बाकीचे मागे बसून प्रश्न विचारतात. गेली काही वर्षं तेच तेच प्रश्न फिरून येताहेत. इंग्रजीत यावर भरपूर लिहिलेलं आहे, पण ते वाचताना या पोरांचा अर्धा वेळ शब्द समजून घेण्यात जातो. म्हणून ही उत्तरं मराठीत. गेममधली नावं तशीच ठेवली आहेत, कारण पडद्यावर तीच दिसणार.

स्किल वाढते म्हणजे नेमकं काय होतं?

स्कायरिम ११ नोव्हेंबर २०११ ला आला. त्यात १८ स्किल्स आहेत, लढाईच्या सहा, चोरट्या कामाच्या सहा आणि जादूच्या सहा. प्रत्येक स्किल १५ पासून सुरू होते आणि १०० पर्यंत जाते. वंश निवडताना एका स्किलला १० आणि पाच स्किल्सना ५ गुण जास्त मिळतात. जे काम कराल तीच स्किल वाढते. तलवार चालवली तर तलवारीची, औषध घोटलं तर अल्केमीची.

स्किल एका अंकाने वर गेली की तो नवा अंक तुमच्या पात्राच्या खात्यात जमा होतो. स्मिदिंग (लोहारकाम) २० वरून २१ झालं तर २१ गुण, ९९ वरून १०० झालं तर १००. पहिल्या लेव्हलवरून दुसरीवर जायला १०० गुण लागतात आणि पुढे दर लेव्हलला २५ वाढत जातात. दहावीवरून अकरावीला ३२५, पन्नासावीवरून एक्कावन्नावीला १३२५. प्रत्येक लेव्हलला एक पर्क, म्हणजे एखाद्या स्किलमधली खास क्षमता, मिळतो, शिवाय हेल्थ, मॅजिका (मंत्रांना लागणारी शक्ती) किंवा स्टॅमिना यांपैकी एकात १० वाढवता येतात.

हे गणित एकदा डोक्यात बसलं की खालची बरीचशी उत्तरं आपली आपण सुचतील.

मग नुसतं भट्टीपाशी बसून लेव्हल वाढवली तर बिघडतं काय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

हिशोब करून बघा. एकट्या स्मिदिंगला १५ वरून १०० वर नेलं तर ४९३० गुण जमतात आणि तुमचं पात्र सतराव्या लेव्हलवर पोचतं. एकही लांडगा न मारता. स्मिदिंग, अल्केमी, एन्चांटिंग (वस्तूंवर मंत्र चढवणं) तिन्ही १०० केलीत तर साधारण ३१-३२ वी लेव्हल. गेम तुमची लेव्हल बघून शत्रू पाठवतो. तो म्हणणार, हा बत्तिसाव्या लेव्हलचा योद्धा आहे, याच्यासमोर ड्रॉगर डेथलॉर्ड, म्हणजे थडग्यातून उठलेल्या मुडद्यांतला एक बलाढ्य, उभा करा. आणि तुमची तलवारीची स्किल असते १८, चिलखताची १६.

माझ्या मोठ्या भाच्याचं हेच झालं. दिवाळीच्या सुट्टीत त्याने चार दिवस गेममधल्या व्हाइटरन शहराच्या भट्टीवर काढले आणि मग ड्रॉगरांच्या एका थडग्यात उतरला. तिसऱ्याच दालनात पात्र मेलं. पुन्हा सेव्ह उघडली, पुन्हा मेलं. "आत्या, माझी तलवार तर एवढी भारी आहे," म्हणाला. तलवार खरंच भारी होती. पण ती वापरायचा एकही पर्क त्याने घेतला नव्हता, मिळालेले सगळे स्मिदिंगमध्ये गेले होते.

बनवलेल्या वस्तूंमुळे तोल सावरतो हेही खरं. चिलखताने वार कमी होण्याची मर्यादा ८० टक्के आहे. चारही तुकडे अंगावर असताना पडद्यावर ५६७ दिसले की ती मर्यादा गाठली. स्मिदिंग पूर्ण वाढवलेला माणूस तिथे सहज पोचतो. त्यामुळे कारागिरी वाढवू नका असं मी मुळीच म्हणत नाही. म्हणते एवढंच, की दोन-तीन लेव्हल भट्टीवर झाल्या की एक मोहीम करा. त्या मोहिमेतून कातडी, धातू, सोल जेम (मेलेल्याचा जीव साठवणारे खडे, एन्चांटिंगला लागतात) येतील आणि त्यातून पुढची कारागिरी. आमच्याकडे जे असे खेळले त्यांचीच पात्रं टिकली.

एक बारकावा. बहुतेक गुहा आणि थडगी तुम्ही पहिल्यांदा आत पाय टाकता तेव्हाच्या लेव्हलला कुलूपबंद होतात. पाचव्या लेव्हलला दारातून आत डोकावून परत आलात तर तिथले शत्रू त्याच मापाचे राहतात. साफ केलेली जागा गेममधल्या ३० दिवसांनी पुन्हा भरते, अर्धवट सोडलेली १० दिवसांनी.

तिन्ही कारागिरींत आधी कोणती घ्यावी?

अल्केमी. पैसे लागत नाहीत, रस्त्याच्या कडेची फुलं तोडली की झालं, आणि औषधं विकून हातात पैसा खेळतो. त्या पैशातून सोल जेम आणि धातू घ्या. मग स्मिदिंग आणि एन्चांटिंग जोडीने.

लोखंडी सुऱ्या बनवून स्मिदिंग १०० करता येतं असं ऐकलंय. खरं का?

पूर्वी खरं होतं. एक लोखंडाची कांब आणि चामड्याची एक पट्टी, की झाली सुरी, आणि सुरी बनवा की चिलखत, शिकायला सारखंच मिळायचं. २०१२ च्या एका पॅचनंतर (गेममधल्या दुरुस्तीनंतर) नियम बदलला. आता बनवलेल्या वस्तूची किंमत जेवढी जास्त, तेवढी स्किल जास्त वाढते. लोखंडी सुरीची मूळ किंमत १० सेप्टिम (गेममधलं नाणं), सोन्याच्या अंगठीची ७५, ड्वार्व्हन धनुष्याची २७०. धनुष्यातून सुरीच्या सत्तावीसपट शिकायला मिळत नाही, वाढ त्या प्रमाणात होत नाही, पण फरक डोळ्यांना दिसेल एवढा आहे.

तरीही पहिल्या दहा-पंधरा सुऱ्या बनवाच. रिव्हरवुडमधला अल्व्हर नावाचा लोहार सुरुवातीला हाताला धरून शिकवतो. भट्टीवर सुरी घडव, दगडावर धार लाव, कातडं कमव, त्याचं शिरस्त्राण कर. घाई न करता त्याच्या शेजारी उभं राहून हे करून बघा. कातडं कमवायच्या चौकटीवर लांडग्याची कातडी टाकली की चामडं होतं आणि एका चामड्याच्या चार पट्ट्या निघतात. या पट्ट्या पुढे जन्मभर लागतात, कधीही विकू नका.

शस्त्राला धार लावायची ती धारेच्या दगडावर, चिलखत सुधारायचं ते वर्कबेंचवर. या सुधारण्यानेही स्मिदिंग वाढतं, हे बरेच जण विसरतात. मोहिमेतून आणलेली प्रत्येक तलवार विकण्याआधी दगडावर धरा. किंमतही वाढते, हातही बसतो. माझे काका मकरपुरा जीआयडीसीत तीस वर्षं लेथवर होते. नव्या पोराला ते पहिले काही महिने नुसती कानस चालवायला लावायचे. धारेचा दगड पाहिला की मला तेच आठवतात.

सोन्याच्या अंगठ्यांची युक्ती काय आहे?

व्हाइटरनच्या उत्तरेला हॉल्टेड स्ट्रीम कॅम्प नावाचा दरोडेखोरांचा तळ आहे. आत लोखंडाची खाण आहे आणि तिथेच ट्रान्सम्यूट नावाच्या मंत्राचं पुस्तक सापडतं. हा मंत्र लोखंडाच्या खनिजाची चांदी करतो आणि चांदीच्या खनिजाचं सोनं. एकाच मंत्राने स्मिदिंगसाठी माल तयार होतो आणि अल्टरेशन ही जादूची स्किलही वाढते, म्हणून सुरुवातीच्या टप्प्यात मला तो फार आवडतो.

चूक होते ती एकाच ठिकाणी. मंत्र खनिजावर चालतो, कांबीवर नाही. खाणीतून आलात आणि सवयीने सगळं वितळवून ठेवलंत तर गेलं. लोखंडाच्या एका खनिजाची एक कांब होते, सोन्या-चांदीला मात्र दोन खनिजं लागतात.

मॅजिका सुरुवातीला १०० च असते (हाय एल्फ वंशाला ५० जास्त), त्यामुळे एकदा मंत्र टाकला की ती जवळजवळ संपते. अशा वेळी वेटचं बटण दाबून गेममधला एक तास जाऊ द्या, मॅजिका भरते. कंटाळवाणं आहे, कबूल. पाच-सहा खनिजं केली की उठा, बाकीची पुढच्या मुक्कामाला.

ड्वेमर भंगारातलं काय उचलायचं आणि काय सोडायचं?

स्मिदिंग ३० झालं की ड्वार्व्हन स्मिदिंगचा पर्क घ्या. मग मार्कार्थ शहराच्या बाजूची ड्वेमर या नाहीशा झालेल्या लोकांची जुनी शहरं म्हणजे तुमचं कोठार, ड्वार्व्हन धातू त्यांचाच. पण वजनाकडे लक्ष द्या. बेंट ड्वेमर स्क्रॅप मेटलचं वजन २ आणि त्यातून तीन कांबी निघतात. सॉलिड ड्वेमर मेटलचं वजन २५ आणि कांबी पाचच. म्हणजे मोठा ठोकळा दिसला म्हणून हुरळून जाऊ नका, छोटे वाकडे तुकडे वेचा. दातेरी चाकं, वाट्या, दांडे यांतलं बरंचसं वितळतच नाही.

ड्वार्व्हन धनुष्याला दोन ड्वार्व्हन कांबी आणि एक लोखंडाची कांब लागते. एका चांगल्या फेरीत पन्नास-साठ धनुष्यांचा माल येतो. घडवा, दगडावर धार लावा, मग एन्चांटिंगच्या टेबलावर न्या. तीन ठिकाणी तीनदा फायदा.

गार्डियन स्टोनपैकी कोणता दगड घ्यायचा?

हेल्गेनहून रिव्हरवुडकडे उतरताना वाटेत तीन उभे दगड लागतात, वॉरियर (योद्धा), थीफ (चोर) आणि मेज (जादूगार). ज्याला हात लावाल त्या गटाच्या स्किल्स २० टक्के वेगाने वाढतात. गोंधळ होतो तो इथे, की तिन्ही कारागिरी एका गटात नाहीत. स्मिदिंग वॉरियरमध्ये येतं, अल्केमी थीफमध्ये, एन्चांटिंग मेजमध्ये. आमच्या खोलीतल्या जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी मेजचा दगड धरून शंभर औषधं घोटली आहेत.

दगड हवा तेव्हा बदलता येतो. किंवा लव्हर स्टोन शोधा, तो सगळ्याच स्किल्सना १५ टक्के देतो.

झोपण्याचाही फायदा असतो. कुठल्याही खाटेवर झोपलात तर ५ टक्के, स्वतःच्या किंवा धर्मशाळेच्या भाड्याच्या पलंगावर १० टक्के, लग्न झालेलं असेल आणि जोडीदार त्याच घरात असेल तर १५. अंगात वेअरवुल्फचं रक्त असेल तर यातलं काहीच मिळत नाही.

अल्केमीत कोणती पानं-फुलं गोळा करावीत? सगळंच उचलत बसलो तर वेळ जातो.

अल्केमीतही नियम तोच, औषध जितकं महाग तितकी स्किल जास्त. प्रत्येक जिन्नसात चार गुण असतात. कच्चा खाल्ला तर पहिला कळतो, बाकीचे दुसऱ्या जिन्नसाबरोबर घोटून कळतात. दोघांत एक तरी गुण समान असला पाहिजे, नाहीतर माल फुकट जातो.

सुरुवातीला तीनच गोष्टी लक्षात ठेवा. व्हाइटरनच्या मैदानात निळं फूल सगळीकडे दिसतं, ब्लू माउंटन फ्लॉवर. शेतात गहू असतो. आणि त्याच मैदानात निळी फुलपाखरं उडतात. फूल आणि गहू घोटले की हेल्थ भरून काढणारं आणि वाढवणारं औषध एकत्र मिळतं. फूल आणि फुलपाखराचे पंख घोटले की कॉन्ज्युरेशन (जीव किंवा शस्त्रं बोलावण्याची जादू) वाढवणारं. यातलं दुसरं दिसायला भेसळीचं, कारण त्यात एक वाईट गुणही येतो, पण दुकानात चांगल्या भावाने जातं.

पुढची पायरी म्हणजे जायंट्स टो, राक्षसाच्या पायाचं बोट. गव्हाबरोबर घोटलं की किंमत एकदम चढते. पण ते मुख्यतः राक्षस मारून मिळतं आणि कच्च्या लेव्हलला राक्षसाच्या जवळ गेलात तर एका फटक्यात पात्र आभाळात जातं. धनुष्य हातात असलं आणि उंच खडकावर जागा मिळाली तरच जा.

हार्थफायर (गेमची घर बांधण्याची जोडपुरवणी) असेल तर सॅमन रो, नॉर्डिक बार्नॅकल आणि लसूण हे त्रिकूट. माशाची अंडी, समुद्री शिंपल्यासारखा एक जीव आणि आपला रोजचा लसूण. याहून महाग औषध मी घोटलेलं नाही. हार्थफायरमध्ये घराशेजारी वाफे करता येतात, त्यात गहू लावा.

औषधं विकताना दुकानदाराचे पैसे संपतात. औषधवाल्याकडे साधारण ५००, किराणावाल्याकडे ७५०, लोहाराकडे १००० सेप्टिम असतात आणि गेममधल्या ४८ तासांनी पुन्हा भरतात. पैसे संपले म्हणून तिथेच ताटकळू नका, बदल्यात सोल जेम आणि धातू घ्या.

एन्चांटिंगला फार सोल जेम लागतात. मोठे जेम वापरावेत की लहान?

शिकण्यासाठी लहान. वस्तूवर मंत्र चढवताना पेटी (सगळ्यात लहान) जेम वापरा की ग्रँड (मोठा), स्किल सारखीच वाढते. जेमचा आकार ठरवतो तो मंत्राचा जोर. म्हणून सरावाच्या सुऱ्यांवर पेटी, स्वतःच्या अंगावरच्या वस्तूंवर ग्रँड.

मंत्र शिकायचा तर मंत्र असलेली वस्तू टेबलावर मोडावी लागते. वस्तू कायमची जाते, मंत्र कायमचा येतो. इथे मी एकदा फार हळहळले होते. स्मिदिंग वाढवणारी एक उत्तम अंगठी हाती लागली होती आणि पेटीत त्याच मंत्राची एक किरकोळ माळ पडून होती. मला वाटलं, चांगली वस्तू मोडली तर चांगला मंत्र शिकायला मिळेल. अंगठी मोडली. नंतर कळलं की मंत्राचा जोर तुमच्या स्किलवर आणि जेमवर ठरतो, मोडलेल्या वस्तूवर जवळजवळ कधीच नाही. माळ मोडली असती तरी तेच शिकले असते आणि अंगठी बोटात राहिली असती. तेव्हापासून मी पोरांना सांगते, मोडायची ती सगळ्यात हलकी.

जेम भरायला सोल ट्रॅप हा मंत्र लागतो. सगळे जेम रिकामेच घेऊन फिरलात आणि लहान जेम संपले, तर कोल्ह्याचा जीव ग्रँड जेममध्ये जाऊन बसतो आणि मोठा जेम वाया जातो. लहान जेमचा साठा नेहमी अंगावर ठेवा. अझुराज स्टार हा खास जेम मिळवला तर तो पुन्हा पुन्हा भरता येतो.

एन्चांटिंग १०० ला एक्स्ट्रा इफेक्टचा पर्क मिळतो, एका वस्तूवर दोन मंत्र. बाकी काही नाही तरी या एका पर्कसाठी शेवटपर्यंत जावं.

तिन्ही कारागिरी एकमेकींना मदत करतात म्हणजे कशा?

मला या गेममधलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच.

ब्लू बटरफ्लाय विंग आणि स्नोबेरीज घोटल्या की एन्चांटिंग वाढवणारं औषध होतं. ते पिऊन टेबलावर बसलात तर अल्केमी वाढवणारी टोपी, हातमोजे, अंगठी, माळ जास्त जोराची होते. ती घालून पुन्हा औषध घोटलं तर ते आणखी जोराचं. स्मिदिंगसाठी तसंच. ब्लिस्टरवर्ट आणि ग्लोइंग मशरूमचं औषध, आणि स्मिदिंग वाढवणारं चिलखत, हातमोजे, अंगठी, माळ.

औषधाचा परिणाम ३० सेकंदच राहतो. म्हणून टेबलासमोर उभं राहा, औषध प्या आणि तत्काळ टेबल उघडा. आधी पिऊन मग जिना चढत बसू नका.

हे सगळं व्हाइटरनमध्ये जमतं. वेशीतून आत शिरलं की वॉरमेडन्सपाशी भट्टी, कांबी करायची भट्टी, चामड्याची चौकट, दगड, बेंच. शेजारीच ब्रीझहोम, ५००० सेप्टिमला घर. वर बाजारात आर्केडियाचं औषधांचं दुकान. त्याच्या वर ड्रॅगन्सरीचमध्ये फॅरेनगारच्या खोलीत एन्चांटिंगचं टेबल. आमच्या वडोदऱ्यात सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, तिथे एकाच छताखाली अनेक हुन्नर शिकवले जायचे. व्हाइटरनची ही फेरी मारताना मला त्याचीच आठवण येते. माल ठेवायचा तो मात्र स्वतःच्या घरातल्या पेटीत. दुसऱ्याच्या पिंपात ठेवलेला माल काही दिवसांनी नाहीसा होतो.

रिस्टोरेशनच्या औषधाने अफाट जोर आणता येतो म्हणे?

येतो. रिस्टोरेशन (जखमा भरण्याची जादू) वाढवणारं औषध अल्केमीच्या कपड्यांचाही जोर वाढवतं, ही गेममधली चूक आहे. त्या चक्रात आकडे इतके फुगतात की गेम बंदही पडू शकतो. चाहत्यांनी बनवलेल्या अनऑफिशियल पॅचने ती दुरुस्त केली आहे. मी आमच्या खोलीत हे करू देत नाही. एका वाराने ड्रॅगन मेला की पुढच्या रविवारी कुणी खेळायला येत नाही, हे पाहिलंय.

जादूचे पाच प्रकार कसे वाढवायचे?

प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे.

डिस्ट्रक्शन फक्त शत्रूला इजा झाली तर वाढतं. भिंतीवर आग फेकून काही होत नाही. ४० ला इम्पॅक्टचा पर्क घ्या. दोन्ही हातांनी एकच मंत्र टाकला की शत्रू लडखडतो. मंत्र दोन हातांनी टाकला तर परिणाम २.२ पट होतो पण मॅजिका २.८ पट जाते, हे लक्षात असू द्या.

रिस्टोरेशन जखम असेल तरच वाढतं. पूर्ण हेल्थ असताना हीलिंग टाकणं व्यर्थ. शत्रू मंत्र फेकत असताना वॉर्ड (जादूची ढाल) धरून उभं राहा, तेही मोजलं जातं. लॅबिरिंथियन या जुन्या अवशेषांत इक्विलिब्रियम नावाचा मंत्र मिळतो, तो हेल्थ घेऊन मॅजिका देतो. एका हातात तो, दुसऱ्या हातात हीलिंग, आणि जखम आपणच करून आपणच भरायची. मात्र हेल्थच्या पट्टीवरून नजर हलवू नका, या मंत्राने पात्र मरतं.

इल्यूजन सगळ्यात सोपं. पावलांचा आवाज दाबणारा मफल मंत्र कुठेही टाका, कुणी समोर असायची गरज नाही. घोड्यावर बसण्याआधी दोनदा, उतरल्यावर दोनदा, असं करत गेलात तरी न कळत वाढतं.

कॉन्ज्युरेशनला सोल ट्रॅप मेलेल्या जनावरावरही टाकता येतो आणि तेवढ्याने स्किल वाढते. बाउंड स्वॉर्डचं (जादूने बोलावलेल्या तलवारीचं) तसं नाही, जवळ शत्रू हवा.

अल्टरेशनला वर सांगितलेला ट्रान्सम्यूट, आणि शहराच्या भर बाजारात आसपासचे जीव दाखवणारा डिटेक्ट लाइफ. आसपास माणसं असली पाहिजेत, ओसाड माळावर उपयोग नाही.

प्रत्येक प्रकारात नोव्हिस, अप्रेंटिस असे पर्क आहेत, त्या त्या पायरीचे मंत्र निम्म्या मॅजिकात होतात. जादूगार व्हायचं असेल तर आधी हेच घ्या. आणि एन्चांटिंग पूर्ण वाढलं की एकाच प्रकाराची २५ टक्के बचत टोपी, अंगरखा, अंगठी आणि माळ अशा चौघांवर चढवली तर त्या प्रकाराचे मंत्र फुकट होतात.

जादू शिकायला विंटरहोल्डला जावंच लागतं का?

लागतंच असं नाही, पण लवकर जा. व्हाइटरनच्या तबेल्याशी गाडीवाला असतो, ५० सेप्टिम घेतो. विंटरहोल्डच्या जादूच्या कॉलेजच्या पुलावर फराल्डा नावाची शिक्षिका परीक्षा घेते, एक मंत्र टाकून दाखवायचा. तुमच्याकडे तो नसेल तर ३० सेप्टिमला तिच्याकडूनच मिळतो. आत पाचही प्रकारांचे शिक्षक आणि मंत्रांची पुस्तकं एका जागी. स्किल ९० झाली की तिथेच मोठ्या मंत्रांच्या मोहिमा सुरू होतात.

पैसे देऊन ट्रेनरकडून शिकणं परवडतं का?

वरच्या टप्प्यात परवडतं. एका लेव्हलला पाचच धडे मिळतात. साधा ट्रेनर ५० पर्यंत शिकवतो, एक्स्पर्ट ७५ पर्यंत, मास्टर ९० पर्यंत. स्किल जितकी वर तितकी फी जास्त. स्मिदिंगला व्हाइटरनच्या स्कायफोर्जवरचा इऑरलुंड, डिस्ट्रक्शनला फराल्डा, अल्टरेशनला टॉल्फदिर, इल्यूजनला ड्रेव्हिस, हे सगळे मास्टर. जी स्किल हाताने वाढवणं किचकट वाटतं तिच्यावर हे धडे खर्च करा. अल्केमीवर कधीच नको.

स्किल वाढवणारी पुस्तकं लगेच वाचावीत का?

नको. प्रत्येक स्किलची पाच, एकूण ९० पुस्तकं आहेत आणि प्रत्येक एक अंक देतं. तोच अंक १६ ला दहा मिनिटांचा असतो आणि ९० ला एका संध्याकाळचा. पण ओळखायचं कसं, कारण उघडलं की वाचलं गेलं! म्हणून पुस्तकांच्या नावांची एक वही ठेवा. आमच्या खोलीत भिंतीला कॅलेंडरच्या मागे अशी यादी चिकटवलेली आहे.

पर्क चुकीचे घेतले. आता नवीन पात्र करावं लागेल का?

नाही. २०१३ च्या मार्चमधल्या पॅचपासून १०० झालेली स्किल लेजंडरी करता येते. ती १५ वर येते, तिचे पर्क परत मिळतात आणि ती पुन्हा वाढवता येते. त्याआधी सगळ्या स्किल्स १०० झाल्या की पात्र ८१ व्या लेव्हलला थांबायचं, आता तशी मर्यादा नाही. ड्रॅगनबॉर्न या जोडपुरवणीची मोहीम शेवटपर्यंत केली तर ड्रॅगनचा एक आत्मा देऊन एका स्किलचे पर्क मोकळे करता येतात.

फक्त एन्चांटिंग आणि स्मिदिंग लेजंडरी करण्याआधी स्वतःच्या वस्तू पूर्ण करून घ्या. स्किल खाली आल्यावर नवं काही तितकं चांगलं बनत नाही. बनवून ठेवलेलं मात्र तसंच राहतं.

इंग्रजी कच्चं आहे. जमेल का?

गेम मराठीत नाही, गुजरातीतही नाही. तरी जमतं. शेजारची मुलगी आली तेव्हा तिला पडद्यावरचे निम्मे शब्द कळत नव्हते. तिने एका वहीत डाव्या बाजूला गेममधलं नाव आणि उजव्या बाजूला आपलं नाव लिहायला सुरुवात केली. इन्गट म्हणजे कांब, ओर म्हणजे खनिज, पेल्ट म्हणजे कातडी, लेदर म्हणजे कमावलेलं चामडं. वीस-पंचवीस शब्दांत भट्टीचं काम भागतं, आणखी तेवढ्यात औषधांचं.

एक काळजी घ्या. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट जाते आणि कारागिरी करताना गेम आपोआप सेव्ह होत नाही. तिच्या चाळीस धनुष्यांची मेहनत अशीच एका संध्याकाळी गेली. आता ती दर दहा वस्तूंनी थांबते, सेव्ह करते, आळीपाळीने तीन वेगळ्या जागी. वहीच्या पहिल्या पानावर तिने तेच लिहून ठेवलंय.